पानाड्या दगडोबाच्या पोटातलं पाणी

लातूरचा वेगळा जिल्हा झाला, कचेरीवर नवी पाटी लागली, आणि पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहून गेल्यासारखा फिरकेनासा झाला. त्या दुष्काळात शिरूर अनंतपाळच्या पंचक्रोशीत एकाच माणसाला उसंत नव्हती, तो म्हणजे जमिनीतलं पाणी दाखवणारा दगडोबा पानाड्या. लिंबाचं बेळकं, म्हणजे दोन फाट्यांची काटकी, दोन्ही हातांत धरून तो अनवाणी रान तुडवायचा आणि बेळकं वाकलं की टाच रोवून म्हणायचा, "हितं खांदा." कधी पाणी लागायचं, कधी नुसता फुफाटा उडायचा. पण गडी सरळ. बोअर पाडायच्या दिवशी निकाल लागेपर्यंत तो अन्नाला शिवत नसे. पाणी लागलं तर नारळ घेऊन घरी यायचा. कोरडं गेलं तर मात्र मालकाच्याच घरी ताट वाढायला लावायचा आणि त्याच्या शिव्या ऐकत ताठ बसून जेवायचा. दुसरे पानाडे अशा वेळी मागच्या बांधाने पसार होत. दगडोबा म्हणायचा, "चुकल्यावर त्वांड दावावं, म्हंजे लोक पुन्हा बोलावत्यात." आणि खरंच बोलवायचे.

शौचावाटे रक्त जाऊ लागलं तेव्हा या शहाण्याने मूळव्याध समजून पाला खाण्यात बरेच दिवस घालवले. शेवटी बायकोने, चतुराबाईने, त्याला ओढतच लातूरला नेलं. डॉक्टर बिराजदारांना मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ सापडली.

"गाठ मी काढतो," डॉक्टर म्हणाले. "पण तिच्यातल्या पेशी कधीकधी सुटून पोटाच्या पोकळीत पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पोट उघडलं की आधी मिठाचं पाणी आत फिरवायचं, परत ओढून घ्यायचं आणि नांदेडला सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवायचं. त्यात पेशी निघाल्या तर आजार पसरला म्हणायचा."

चतुराबाई डोळ्यांनी डॉक्टरांना गप्प करू पाहत होती. दगडोबा मात्र खुदकन हसला. "म्हंजे वरून बघून तुमाला बी कळंना. तुमी बी पानाडेच की, डाक्टरसाब."

डॉक्टरही हसले. मग दगडोबा लेकीकडे वळला. सिंधुला नांदेडजवळच्या मुदखेडला दिलं होतं, त्यामुळे नांदेडहून निकाल आणायचं काम तिच्याकडे आलं होतं. "जे निघंल ते पयलं मला सांगायचं," त्याने बजावलं. "मागच्या बांधानं जायचं न्हाई."

ऑपरेशन नीट पार पडलं. दवाखान्यात शेतकऱ्यांची रीघ लागली. ज्यांच्या रानात बोअर कोरडं गेलं होतं, तेही आले. त्यातले आप्पासाहेब म्हणाले, "माझ्या रानात घावलं न्हाई, आन तुझ्या पोटात बरं घावलं पाणी?"

दगडोबा टाक्यांवर हात दाबून हसला. "चाललोच तर चाललो, आप्पासाहेब. तेवढीच तुमची हिरी खांदायची मेहनत वाचंल."

निकालाच्या दिवशी त्याला पातळ पेज द्यायला डॉक्टरांची परवानगी होती. त्याने सकाळपासून वाटी ढकलून दिली. चतुराबाई रागावून थकली. दुपारी सिंधु आली, खाटेवर टेकली आणि म्हणाली, "दादा, जेवलाव का?"

जन्मभर दगडोबाने हाच प्रश्न ऐकला होता. बोअर कोरडं गेलं हे सांगायला मालकाची जीभ रेटत नसे. शिव्या ताटावर बसल्यावर; आधी तो मान खाली घालून येई आणि विचारी, जेवलाव का? दगडोबा कण्हत ताठ बसला, वाटी घेतली, तळापर्यंत पेज संपवली आणि मिशा पुसल्या.

"चतुरे, शेळी सिंधुला दे," तो शांतपणे म्हणाला. "माझं बेळकं पुतण्याला देऊ नको, लई खोटं बोलतंय ते. आन रडायचं न्हाई."

सिंधु बघतच राहिली. "असं काय बोलायलाव, दादा? पाणी साफ निघालं. तपासणाऱ्या बाई म्हणल्या, त्यात कॅन्सरची एक बी पेशी घावली न्हाई. तपासायला मातर येत ऱ्हावं लागंल."

"मग जेवलाव का म्हणून का इचारलंस?"

"सकाळधरनं उपाशी हाव, असं नर्सबाईनं दारात सांगितलं म्हणून."

काहीतरी चेष्टा करायला त्याने तोंड उघडलं, पण असा हुंदका आला की खाट हलली आणि शेजारचा पेशंट नर्सला हाका मारू लागला.

"आता कशाला रडायलाव?" चतुराबाई गोंधळून म्हणाली. "चांगलं झालं की."

चार माणसांत बायकोचा हात न धरणाऱ्या दगडोबाने तिचा हात घट्ट धरला. "मला मरायचं न्हवतं गं. लई भ्या वाटत व्हतं."

"मला ठावं हाय," असं म्हणून ती त्याच्याजवळ खाटेवर बसली.