दारात कोणीतरी उभं आहे

काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली : "दारात कोणीतरी उभं आहे. कंदील विझत आलाय. काय करणार?"

चित्र नाही, आवाज नाही, नुसत्या शब्दांचा खेळ. तो मीच लिहिलेला, आणि माझ्याकडे चार दिवस राहायला आलेली आई तो खेळायला बसली. लढ, पळ, लप, एवढंच खेळाला कळतं. तीन चुका झाल्या की कंदील विझतो आणि तो माणूस आत येतो.

आईने चष्मा सावरून एका बोटाने टाइप केलं : पाणी दे.

"समजलं नाही." कंदील मंदावला.

"आई, पळ असं लिही."

"दारात आलेल्याला आधी पाणी तरी विचारशील की नाही?" तिने पुन्हा तेच लिहिलं. मग तिसऱ्यांदा, गार पाणी दे. खेळ संपला.

त्या माणसाला तहान लागली असेल, हे लिहिताना माझ्या मनातही आलं नव्हतं. आई गावी एकटी राहते. अनोळखी माणसाला दार उघडू नकोस, असं मी दर फोनला बजावतो आणि ती हो म्हणते.

ती परत गेल्यावर मी खेळात 'पाणी दे' घातलं. पण पाणी पिऊन तो काय करतो, ते काही सुचेना. कर्सर लुकलुकत राहिला. शेवटी आईलाच फोन लावला.

"नंतर बोलते रे," ती म्हणाली, "दारात कोणीतरी आलंय."