एका खोलीचा पत्ता

नावं लक्षात ठेवणं हे माझं, पोस्टमनचं कामच. पण बजाजनगरातल्या त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. त्याच्या नावानं कधी काही आलंच नाही. त्याच्या एका खोलीवर येतात ती दुसऱ्यांची आधार कार्डं आणि बँकेची पाकिटं, दर वेळी नव्या आडनावाची. बस स्टँडवर झोपणाऱ्या, दारू सोडू बघणाऱ्या माणसांना तो खोलीवर आणून ठेवतो आणि कागदावर लिहायला आपला पत्ता देतो. पूर्वी तोही स्टँडवरच दारू पिऊन पडलेला असायचा. हे त्यानंच मला सांगितलं, पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं.

पाकीट घेण्याआधी तो दोन्ही हात पँटला पुसतो.

परवा अशाच एकाचं आधार कार्ड आलं.

"तो गेला निघून. परत प्यायला लागलाय," तो म्हणाला.

'या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारायला मी पेन काढलं. आत भिंतीला लावलेली एक वळकटी दिसत होती.

त्यानं पाकिटावर हात ठेवला.

"तसं नका लिहू, साहेब. राहतो तो इथंच. सध्या बाहेर गेलाय."