विचार चालू आहे

आमच्याकडे कॉट बेसिसवर राहून गेलेल्या त्या मुलीइतकं लोकशाहीने पछाडलेलं माणूस सबंध पुणे शहरात दुसरं झालेलं नाही. चार जणांचं मत घेतल्याशिवाय तिला घोटभर चहासुद्धा घशाखाली उतरत नसे. आणि अशी मुलगी येऊन राहिली कुठे, तर सदाशिव पेठेत! आमच्या पेठेत मत विचारायची पद्धतच नाही. ते न विचारता मिळतं. यवतमाळकडून ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला आली, ती एक बॅग, पुस्तकांचं पोतं आणि एक लांबोडकी निळी वही घेऊन. वहीत ती लोकांची मतं लिहून ठेवायची. पहिल्याच दिवशी मी घराचे नियम सांगितले, तर ते सगळे उतरवून घेऊन म्हणाली, "काकू, यातला कोणता नियम तुम्हाला स्वतःला पटत नाही?" चाळीस वर्षांच्या संसारात मला हे कोणी विचारलं नव्हतं. "सगळे पटतात," असं मी ठणकावून सांगितलं आणि आत येऊन बराच वेळ विचार करत बसले.

तिच्या खोलीत चार मुली. पंखा कितीवर ठेवायचा यावर रोज मतदान व्हायचं, आणि जी हरेल तिला पंख्यापासून लांबची कॉट मिळायची. याला ती अल्पमताची सोय म्हणायची. मंडईत मी तिला एकदाच नेलं. मेथीची जुडी कोवळी आहे की जून, यावर तिने भाजीवालीचं, शेजारच्या भाजीवालीचं आणि दोन अनोळखी गिऱ्हाइकांचं मत घेतलं. शेवटी भाजीवाली मला म्हणाली, "बाई, जुडी घ्या नाहीतर ठेवा, पण हिला आवरा." त्या दिवशी आम्ही मेथी न घेताच परतलो.

आमच्या घराला लागूनच एक अभ्यासिका आहे. तिथे तीस-बत्तीस मुली अभ्यासाला बसतात, मुलगे त्याहून जास्त. पेठेतल्या अशा अभ्यासिकांनी मिळून एक युवा परिषद काढली. प्रत्येक अभ्यासिकेने आपला एक प्रतिनिधी निवडून द्यायचा आणि त्याने महिन्याच्या बैठकीत अभ्यासिका चालवणाऱ्यांपुढे मुलांची गाऱ्हाणी मांडायची, अशी योजना. ही त्याच अभ्यासिकेत बसायची, तिथून उभी राहिली. हिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मुलाने हात जोडलेला फोटो टाकून फ्लेक्स लावला. हिने काय केलं, तर प्रत्येकाला गाठून विचारलं, "तू मला मत नाही दिलं, तं कशासाठी नाही देशील?" आणि उत्तरं वहीत लिहिली. आपल्याला मत का देऊ नये याची इतकी व्यवस्थित यादी केलेला उमेदवार मी पाहिला नव्हता. ती भरघोस मतांनी निवडून आली.

गाऱ्हाणं एकच होतं, पण मोठं. अभ्यासिकेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कायमचं कुलूप असायचं. कधीतरी कोणाकडून नळ चालू राहिला होता, तेव्हापासून अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळाच्या चिटणीसांनी किल्ली स्वतःच्या घरी नेऊन ठेवली होती. कुलूप सदाशिव पेठेत आणि किल्ली नारायण पेठेत! "ज्यांना गरज असेल त्यांनी घरी येऊन किल्ली न्यावी," असा नियम होता. मुली लाजेकाजेने जायच्या नाहीत. सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. एक जण तर त्यापायी तापाने फणफणून गावी परत गेली.

निवडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आमच्या मागच्या दाराशी एक जादा संडास आहे. त्यात जुना कूलर आणि रद्दी ठेवून मी कुलूप घातलं होतं. "काकू, तिकडचं कुलूप निघेपर्यंत मुली तुमचं मागचं वापरतील तं चालेल का जी?" मी म्हटलं, "बघू, विचार करून सांगते." आमच्याकडे याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिने मात्र वहीत लिहिलं: 'घरमालकीण काकू. विचार चालू आहे.' मग दर सोमवारी, अगदी न चुकता, "काकू, तुमचं मत राहिलं जी." मी दर सोमवारी कुकरची शिट्टी काढायला धावायची.

तिसऱ्या बैठकीत चिटणीस नमले. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच कुलूप उघडं ठेवू म्हणाले. परिषदेतली पोरं टाळ्या वाजवायच्या बेतात होती, तेवढ्यात ही म्हणाली, "मी विचारून सांगते." झालं, विषय महिनाभर पुढे गेला. खोलीतल्या मुलींनी तिच्याशी बोलणं टाकलं. मीही सुनावलं, "अगं, पदरात पडलंय ते घ्यावं." ती म्हणाली, "माझ्या एकटीचं असतं तं घेतलं असतं ना काकू."

आणि ती विचारत सुटली. प्रत्येक मुलीपाशी बाकाशेजारी उकिडवी बसून. सगळ्या हो म्हणाल्या. एक गप्प राहिली. ती दिवसभर एका दवाखान्यात कामाला असायची आणि सकाळी सहा ते नऊ अभ्यासाला बसायची. तिच्यापाशी ही तीन दिवस जात राहिली, तेव्हा ती म्हणाली, "अकरा ते पाच मी इथे नसतेच. पण माझ्या एकटीसाठी कशाला?" पुढच्या बैठकीत हिने ते मत वाचून दाखवलं. चिटणीस म्हणाले, "आपण एकीसाठी सगळ्यांचं घालवताय." ही म्हणाली, "सगळ्यांनीच पाठवलं आहे जी मला. तिनंपण."

त्या संध्याकाळी अभ्यासिकेत हात वर करून ठराव झाला: नियम पाळायचा, अगदी काटेकोर पाळायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दवाखान्यातल्या त्या मुलीने नारायण पेठेत घंटी वाजवली. "काका, किल्ली." दहा मिनिटांनी परत घंटी. "काका, ही घ्या किल्ली." सव्वासहाला दुसरी मुलगी. बत्तीस मुली, प्रत्येकीच्या दोन घंट्या, दुपारी एक ते चारसुद्धा. सगळ्या वाकून नमस्कार करायच्या, थँक्यू म्हणायच्या. पहिल्या दिवशी चिटणीस ओरडले, दुसऱ्या दिवशी त्यांनी घंटीची तार काढली, तर मुली कडी वाजवू लागल्या. पाचव्या दिवशी त्यांच्या पत्नी स्वतः चालत आल्या, कुलूप काढून पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "आता मला झोपू द्या गं." कुलूप परत लागलं नाही.

परीक्षा मात्र तिची निघाली नाही. दोन वर्षांनी परिषदेची वयोमर्यादा तिने ओलांडली, घरचे बोलावू लागले आणि ती बॅग उचलून निघाली. जाताना पाया पडली आणि म्हणाली, "काकू, तेवढं तुमचं मत राहिलं जी." मी हसण्यावारी नेलं. ती गेल्यावर दर सोमवारी कुकर लावताना मला कसंतरीच व्हायचं. तिची आठवण येते, हे घरात कोणाला सांगायचीही लाज वाटायची.

परवा अभ्यासिकेतलं ड्रेनेज फुटलं. दुरुस्तीला पंधरा दिवस म्हणाले. सकाळी दूध घ्यायला गेले, तर पायरीवर एक मुलगी पाण्याची बाटली हातात घेऊन नुसती बसलेली. झाकण उघडत नव्हती. मी घरी आले, मागचं कुलूप काढलं, रद्दी हलवली, कूलर ओढून अंगणात आणला, फिनेलने फरशी घासली. मग त्या मुलीला हाक मारली आणि यवतमाळला फोन लावला.

"अगं, माझं मत लिहून घे. हो म्हणून लिही."

पलीकडून आवाज आला, "थांबा काकू, वही आणते."

मी फोन कानाला धरून उभी राहिले. तिकडे कपाट उघडल्याचा, पानं उलटल्याचा आवाज येत होता. इकडे मागच्या दाराशी ती मुलगी आत जाऊ की नको अशी घुटमळत होती. "काकू, मी जरा..." म्हणाली.

"जा गं," मी म्हटलं, "विचारत काय बसलीस?"