मुकादमाची वाट

आमच्या आत्याला सगळे आरसेवाली म्हणतात. ती आरसे विकत नाही, फरश्यांना पॉलिश करते. नवरा गेल्यावर त्याचं यंत्र विकून टाक, असं नातेवाइकांनी सुचवलं होतं. "विकते ना, आधी जरा चालवून बघते," म्हणाली. ती अजून चालवूनच बघतेय.

तिच्या घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. गिऱ्हाईक आलं की आत्या फार बोलत नाही, नुसता दिवा लावते. दिवा फरशीत उतरतो, गिऱ्हाइकाला स्वतःची हनुवटी दिसते आणि काम ठरतं. ही फरशी आत्याच्या नवऱ्याने केलेली, त्याच्या हातची शेवटची.

आणि त्या फरशीवर राहायचा मुकादम, म्हणजे आत्याचा कुत्रा. रोज तिच्याबरोबर कामावर जायचा, दारात बसून माणसांकडे बघायचा आणि स्वतः काडीचंही काम करायचा नाही, म्हणून मुकादम.

तो म्हातारा झाला. एका सकाळी आत्याच्या चपलांचा आवाज ऐकून गादीवरून उठला आणि त्याचे मागचे पाय दोन दिशांना गेले. पोटावर आपटला. ओरडला नाही. दुसराच कोणीतरी पडल्यासारखं तोंड करून भिंतीकडे बघत राहिला.

डॉक्टरीणबाईंनी त्याची कंबर चाचपली. "सांधे झिजलेत. औषधाने दुखणं कमी होईल. पण घसरणं थांबलं पाहिजे. पुन्हा असा फाकला तर उठेल याची खात्री मी देणार नाही."

आत्याने त्याची नखं कापून घेतली, पंजांमधले केस काढले, खोलीभर चटया अंथरल्या. पण त्या चकाकीवर चटयाच टिकेनात. मुकादम पाऊल टाकायचा आणि चटई त्याला घेऊन भिंतीकडे निघायची.

"मागच्या खोलीत ठेव त्याला," आत्याचा मुलगा म्हणाला. तो तिच्याबरोबरच काम करतो. मी त्याला दादा म्हणतो. "तिथली फरशी साधी आहे."

"कोंडून ठेवू? कामावरचा माणूस आहे तो."

"मग निदान उद्या तो ठेकेदार फरशी बघायला येतोय, तो येऊन जाऊ दे. एवढ्या मोठ्या सभागृहाचं काम आहे, आई. नंतर काय हवं ते कर."

"आणि तोवर तो पडला तर?"

आत्याने यंत्र ओढत आणलं, तळाला सगळ्यांत खरखरीत दगड लावला आणि फरशीवर पाणी ओतलं.

"आई! डोकं ठिकाणावर आहे का?"

"माझं डोकं आहे. त्याची कंबर नाही."

"बाबांच्या हातची फरशी आहे ही!"

"त्यांनी चमकवली, मी खरवडते. घर दोघांचं आहे."

यंत्र गुरगुरलं. राखाडी चिखल भिंतीवर उडाला, दादाच्या पँटवरही. गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत आत्याने त्या आरशातून एक मंद पट्टा काढला. कुत्र्याला आरामात वळता येईल एवढा रुंद. मग ती गुडघ्यांवर बसली, ओल्या पट्ट्यावर तळवा दाबून पुढे ढकलला. तळवा अडला, तेव्हा उठली.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार आला. दिवा लागला. त्याला हनुवटी दिसली, पण पट्ट्याने मधोमध कापलेली.

"ताई, हे काय? यंत्र बिघडलं की हात?"

"काहीच बिघडलं नाही. कुत्र्याला चालायला वाट केलीय."

"अहो, पण गिऱ्हाईक जिथे बघायला येतं तिथेच?"

"तुम्ही बघायला आलात. तो इथे राहतो."

ठेकेदार हसला. "आमच्या सभागृहात कुत्री नाहीत बुवा. आम्हाला आरसाच हवा."

"तुम्हाला आरसाच मिळेल. हा पट्टा मात्र राहील."

"पुन्हा पॉलिश करा. मी पुढच्या आठवड्यात साहेबांना घेऊन येतो. त्यांना असलं काही दाखवता येणार नाही मला."

"मग त्यांना दुसरीकडे न्या," आत्या म्हणाली आणि दिवा बंद केला.

दादाने कपाळावर हात मारला. ठेकेदार उठला, तसा मुकादमही उठला. आलेल्या माणसाला दारापर्यंत पोचवायची त्याची जुनी सवय. गादीच्या कडेला थांबून त्याने एक पंजा चकाकीवर ठेवला, मागे घेतला, मग पट्ट्यावर ठेवला. मागचे पाय थरथरले. आत्या पुढे वाकली, पण तिने त्याला धरलं नाही. कुत्रा मान खाली घालून, नखं खरखर वाजवत, भांड्याशी वळला आणि ठेकेदाराच्या मागोमाग दारात जाऊन उभा राहिला. शेपूट एकदा हललं.

ठेकेदार गेला. परत आला नाही.

दादा बराच वेळ दारातच होता. तोंड फुगलेलं, नजर मात्र खाली. मुकादम उंबऱ्यापाशी थांबून बाहेरच्या पायरीचा अंदाज घेत होता.

"ही पायरीपण गुळगुळीतच आहे," दादा कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला.

"मग बघत काय बसलास?" आत्या म्हणाली. "पाणी आण."