लेकीच्या मापाचा पुतळा

"पोट सोडा, बाई. हितं कोन बघायलाय?"

गळ्यात टेप अडकवून मावशी प्रत्येकीला हेच म्हणायची. हसू नका, कमरेला टेप लागली की तुम्हीही पोट आत ओढलं असतं. मी बावीस वर्षं शाळेत पोरांवर ओरडले, पण मावशीपुढं माझंही पोट गुपचूप आत जायचं आणि तिच्या एका वाक्यासरशी बाहेर यायचं.

जिंतुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिची शिलाईची खोली होती. बोलणं मोजकंच. घाई तर तिला खपतच नसे. एकदा मी "संध्याकाळपर्यंत द्याच" म्हणाले, तर तिनं कापडाची घडी घालून माझ्या हातात परत ठेवली. "मग तुमीच शिवा." मी तिथंच नरमले.

माझ्या लेकीच्या पाठीला लहानपणापासून बाक आहे. उजवा खांदा वर, डावा खाली. ती कायम ढगळ कुर्ता घालायची, वरून ओढणी. थोरल्याचं लग्न ठरलं आणि तिनं सांगून टाकलं, "मी येणार नाही. साडी नेसून सगळ्यांपुढं फिरायचं, फोटो काढायचे, मला जमणार नाही." सख्ख्या भावाचं लग्न! मी चिडले, रडले आणि शेवटी मावशीकडं गेले. मावशीनं तिच्यासाठी शिवलेले दोन ब्लाउज आधीच फसले होते. टेपच्या मापात तो बाक काही येत नव्हता.

"हिच्या अंगाचा पुतळाच करू, त्याच्यावर बेतू," मावशी म्हणाली.

लेकीला जुना घट्ट बनियन घातला. खोक्यांना लावतात ती खाकी कागदी पट्टी पाण्यात भिजवून मावशी त्यावर गुंडाळत गेली, थरावर थर. मी समोरच बसले होते. दर दोन मिनिटांनी माझं चालू, "ताठ उभी राहा. खांदा खाली घे." पोरगी दात आवळून उभी. पट्टी सुकल्यावर मावशीनं पाठीमागून कात्री चालवून ते सगळं बनियनसकट उतरवलं, काप जोडला आणि आत कात्रणं ठासून भरली. पुतळा छान सरळ झाला. त्यावर बेतलेल्या ब्लाउजला लेकीच्या पाठीवर मात्र चुण्याच चुण्या!

मावशीनं पुतळ्याच्या सरळ पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडं वळली.

"बाई, ह्यो पुतळा तुमाला पायजे तशा पोरीचा झालाय. उद्या तिला एकटीला पाठवा."

माझा पारा चढला. "आई आहे मी तिची!"

"म्हनूनच म्हनते."

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं बाहेर पायरीवर बसले. आतून पट्टी फाडल्याचा आवाज येत होता. मग मावशी बोलली, "दुखायलंय का? टेक मग जराशी. जशी हाईस तशी उभी ऱ्हा." आणि माझी लेक चक्क हसली. माझ्यासमोर माप देताना ती कधी हसल्याचं मला आठवत नाही.

नवा पुतळा बघून मी हबकले. एवढा बाक? लहानपणी मीच तिला न्हाऊमाखू घातलं, आणि मला पत्ता नाही! लाज वाटली, खरंच सांगते. मावशीनं पाठीचे दोन्ही भाग वेगवेगळे बेतले, एका खांद्याला जादा कापड सोडलं. लग्नात लेक करवली म्हणून मांडवभर मिरवली. सगळ्या फोटोंत आहे ती, अगदी पाठमोरीसुद्धा.

मावशी गेल्या महिन्यात गेली. जेवून उठताना कोसळली, एवढंच. तिच्या घरी पुण्यानुमोदनाचा बौद्ध विधी होता, त्याला आम्ही दोघी गेलो. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांमध्ये लेक बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. रडता रडता ती पार एका बाजूला कलली. लोक बघत होते. सवयीनं माझा हात तिला सरळ करायला तिच्या पाठीवर गेला. वाकलेलं हाड तळव्याला लागलं. मी जोर लावला नाही. हात तिथंच ठेवला आणि तिच्याबरोबर रडले.