वीस किलोंचा ताण

गटिंगवालीने समोरच्या पोरीच्या रॅकेटच्या तारा मुद्दाम ढिल्या बसवल्या आणि सामना खिशात घातला, अशी आवई दोन स्पर्धांपासून फिरते आहे. धादांत खोटं. तारा ढिल्या होत्या, एवढंच खरं. तिने केलं ते याहून वाईट होतं.

गटिंगवाली म्हणजे टेनिसच्या जागतिक यादीत पाचशेच्या आसपास लोंबकळणारी खेळाडू. या पायरीवर पहिल्या फेरीचं बक्षीस विमानतळाच्या टॅक्सीतच संपतं. कुणाचा बाप पैसे ओततो, कुणी रविवारी क्लबांच्या लीगमध्ये खेळून तिकीट काढतं, खोलीचं भाडं तर आम्ही तिघींत वाटतो. हिला बाप नाही आणि प्रायोजक हिच्या तोंडाला भितात. म्हणून ही तारा ओढायचं चौदा किलोंचं मशीन विमानातून वाहते, सामानाचं वजन जास्त भरू नये म्हणून तीन स्वेटर अंगावर चढवते, आणि गावोगाव इतरांच्या रॅकेटना तारा ओढून देते, म्हणजे गटिंग करते.

त्या सामन्याच्या आदल्या दुपारी खोलीत काकू आल्या. काकू म्हणजे राणीसरकारची आई, आणि राणीसरकारशीच दुसऱ्या दिवशी गटिंगवालीची गाठ होती. जिंकली तर पुढच्या गावाचं तिकीट, हरली तर घरची बस.

"दोन रॅकेट आहेत. किती ताण हवा ते चिठ्ठीत लिहिलंय," काकू नाक वर करून म्हणाल्या. "उद्या तूच समोर आहेस. हातचलाखी नको."

"काकू, पैसे घेतल्यावर माझा हात सरळच चालतो."

"माणसाची नियत दिसते गं चेहऱ्यावर."

"मग दुसरीकडे न्या. गावात दुसरं मशीन नाही, एवढंच."

काकूंनी रॅकेट पलंगावर टाकल्या आणि दार आपटून गेल्या.

चिठ्ठीत वीस किलो होते. राणीसरकार नेहमी चोवीस मागायची. चार किलो कोण उगाच सोडतं? तार सैल हवी, कारण हाताला हिसका सोसत नाही. कोपर दुखतंय. गटिंगवालीने वीस म्हणजे वीसच ओढले, गाठी मारल्या आणि हसली. ती हसली की कुणाचं तरी वाटोळं ठरलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने एक चेंडू सुखाचा दिला नाही. सगळे खांद्याच्या वर उसळणारे, सगळे बॅकहँडवर. दुसऱ्या सेटला राणीसरकार फटक्यागणिक ओठ चावत होती.

"दुखतंय का गं?" बाजू बदलताना गटिंगवालीने लोण्यासारख्या आवाजात विचारलं. उत्तर म्हणून टॉवेल आपटला गेला.

सामना संपला तशा काकू थेट रेफरीकडे. "तारा ढिल्या बसवल्यात हिने. बाद करा हिला."

सात-आठ खेळाडू भोवती गोळा झाल्या. रेफरीने ताण मोजला. "ढिल्या आहेत खऱ्या. तुम्ही किती सांगितला होता?"

काकूंनी एकदा लेकीकडे, एकदा भोवतीच्या पोरींकडे पाहिलं. खरं सांगावं, तर लेकीच्या कोपराची दवंडी पिटली जाणार आणि उद्यापासून जी ती तिथेच चेंडू हाणणार. गटिंगवालीने खिशातून चिठ्ठी काढली, उघडली मात्र नाही.

"वाचू का काकू? की तुम्हीच वाचताय?"

"माझीच गफलत झाली असेल." एकेक शब्द चिमट्याने उपटल्यासारखा.

तक्रार मागे गेली, तिकीट पक्कं झालं. आवई तेवढी उरली.

"चिठ्ठी दाखव ना सगळ्यांना," खोलीत मी म्हटलं. "नाव तरी साफ होईल."

"फुकट का दाखवू? त्या कोपराशी मला अजून दोनदा खेळायचंय."

"पण काकू आता तुझ्या दारात पाय ठेवत नाहीत."

"ठेवतील. दुसऱ्याकडे गेल्या तर आणखी एकाला कोपराचं कळेल."

पैज लागली. पलंग दोनच, हरणारीने आठवडाभर जमिनीवर झोपायचं.

पुढच्या गावात मशीनवाले तिघे होते. मंगळवारी सकाळी आमचंच दार वाजलं. काकू माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि पुटपुटल्या, "एकोणीस."

"लिहून द्या," गटिंगवाली म्हणाली, आणि पायानेच माझी उशी जमिनीवर ढकलली.