सिलिंडरच्या कप्प्यातले तांदूळ

हिंगाचा वास आला की मी अजूनही आधी गॅसचं बटण बघते. घरी, शेजारी, अगदी लग्नाच्या मांडवातसुद्धा. मांडवात गॅस कुठे आहे हे मला माहीत नसतं, तरी मान वळतेच.

ही सवय आमच्या गाडीनं लावली. माझ्या नवऱ्यानं तळेगावच्या कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली, एक जुनी व्हॅन विकत घेतली आणि सीटा काढून तिचं फिरतं घर केलं. मागे झोपायचे बाक, मध्ये पडद्याआड कमोड आणि ड्रायव्हरच्या पाठीशी स्वयंपाकघर. स्वयंपाकघर म्हणजे शाळेतल्या बाकाएवढा ओटा, वर शेगडी आणि खाली तीन कप्पे. दोन कप्पे माझे, तिसऱ्यात गॅसचा छोटा सिलिंडर. त्या कप्प्याच्या तळाला मुठीएवढं भोक होतं. गॅस हवेपेक्षा जड. गळलाच तर खाली उतरून त्या भोकातून बाहेर जावा, म्हणून ते ठेवलेलं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दोन कप्प्यांत आठवड्याचं खाणं बसवायचं काम मला मनापासून आवडलं. गोल बरण्या आधी बाद केल्या. दोन गोल वस्तू शेजारी ठेवल्या की मधली जागा फुकट जाते. चौकोनी डबे आणले. डाळी, पोहे, रवा चपट्या पिशव्यांत भरून फायलींसारखे उभे केले. कुकरच्या पोटात पातेलं, पातेल्यात वाट्या, वाट्यांत लसूण. अर्ध्या रिकाम्या डब्याला गाडीत प्रवेश नाही. हिंगाची डबी अर्धी निघाली, तेव्हा हिंगसुद्धा कागदाच्या पुडीत बांधून मसाल्याच्या डब्यात सरकवला.

"घर आहे का सुटकेस?" सासूबाई म्हणायच्या. "त्या लसणाला तरी मोकळा श्वास घेऊ दे."

ती सहल त्यांच्यासाठीच होती. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, आणि कोरोनात गेलेला वास परत आलेला नव्हता. पण आंदर मावळातल्या माहेरी एकदा जाऊन धाकट्या भावाला भेटायचं मनात होतं. एसटीची पायरी गुडघ्यांना झेपत नव्हती, तिकडच्या संडासात बसता येत नव्हतं. आमच्या गाडीत ती सोय होती. त्यांची अट एकच होती. देव घरी राहिले तरी चालतील, दिवा बरोबर येणार. दिवेलागणीला निरांजन लावल्याशिवाय त्या घोटभर पाणीही घेत नसत.

मी निरांजन, वाती, तेलाची बाटली आणि काडेपेटी बसवली. काडेपेटी फक्त त्यांच्यासाठी. शेगडीला लायटर होता, पण तो दाबण्याची ताकद त्यांच्या बोटांत राहिली नव्हती. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या कोथिंबिरीशेजारी बोटभर फट उरली होती, तिथे ती पेटी खोचली.

वाट वाकडी करून लोणावळ्यात मुक्काम केला, तिथे गणित बिघडलं. सासूबाईंनी भावाच्या नातवंडांसाठी चिक्की घेतली, तीही भरपूर. मी खोकी फोडून वड्या पिशवीत भरायला लागले तर त्यांनी माझा हात धरला. "माहेरी सुटी चिक्की घेऊन जाऊ? खोक्यातूनच न्यायची." खोकी तांदळाच्या जागी गेली आणि तांदळाची पिशवी हातात घेऊन मी गाडीत उभी राहिले.

"सिलिंडरशेजारी आहे की जागा," नवरा म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं.

"अगं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

मी पिशवी दाबून बसवली. वरच्या सांदीत कांदे घातले. कप्पा गच्च भरलेला बघून मला बरं वाटलं, हे खरं आहे. आता रेग्युलेटर बंद करायचा तर आधी कांदे, मग तांदूळ बाहेर काढावे लागणार होते. त्या रात्री काढले. सकाळी चहानंतर कोणी काढले नाहीत. शेगडीचं बटण बंद केलंय ना, मग झालं.

लोणावळ्याहून निघालो तेव्हाच गाडीत वास येत होता.

"तुझा हिंग उघडा राहिलाय," नवरा म्हणाला.

मलाही तसंच वाटलं. पुडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, वर रबर लावलं. वास कमी झाला नाही. खिडक्या उघड्या होत्या तोवर कोणाचं काही अडलं नाही. कान्हे फाट्यावरून आत वळलो आणि पाऊस लागला. काचा बंद केल्या. थोड्या वेळानं माझं डोकं जड झालं. हवा कोंदलीय, मी म्हटलं. तेवढंच.

सासूबाईंचं गाव एका डोंगरामागे राहिलं होतं तेव्हा पुढच्या वळणावर दरडीची माती रस्त्यावर आलेली दिसली. मोबाईलला रेंज नव्हती. नवरा छत्री घेऊन पुढे चालत गेला, गाडी जाईल का ते बघायला. भातखाचरांपलीकडे एक घर दिसत होतं. तिथून दूध आणावं आणि या हिंगाची कटकट कोणाला तरी देऊन टाकावी, असं ठरवून मी पुडी ओढणीच्या टोकाला बांधली.

"आई, आतून लावून घ्या. मी आलेच."

"जा, पण दिव्याच्या आत ये," त्या म्हणाल्या. मी दार ओढलं. आतून कडी बसल्याचा आवाज ऐकला आणि मगच निघाले. मी तशी काळजीची बाई आहे.

त्या घरात तिशीतली एक बाई नुकतीच धार काढून आली होती. तिनं दुधाची किटली भरून दिली आणि पोतं अंथरलं. "बसा की ताई. पाऊस काय थांबत न्हाई आता."

मी पुडी सोडून पुढे केली. "हिंग आहे. घ्या. लय वासाचा आहे, गाडीत नुसता घमघमाट सुटलाय."

तिनं पुडी नाकाशी धरली. पुन्हा धरली. मग हसली.

"ताई, ह्याला कुटं वास हाय? निम्मं पीठच हाय ह्यात. दुकानदारानं बनवलं तुमाला."

मी वास घेतला. अगदी नाकाला लावून घेतला. हिंगाचा वास होता, पण जेमतेम. एवढ्या हिंगानं एक वरण धड फोडणीला पडलं नसतं, अख्खी गाडी कशानं भरली होती?

"थांबा, दिवेलागण झाली," असं म्हणत ती कोनाड्याकडे गेली आणि तिनं काडी ओढली. काडी पेटली. तिच्या बोटांत ती पिवळी ज्योत उभी राहिली आणि मी उठले.

"ताई, दूध ऱ्हायलं की तुमचं."

मी बांधावरून पळत होते. एक चप्पल चिखलात राहिली. माझं डोकं कठीण वेळी कामांची यादी करतं, तेव्हाही करत होतं. किल्लीचा रिमोट दाबायचा नाही. गाडीतला दिवा लावायचा नाही. काही घासलं जाऊ द्यायचं नाही. आधी दार, मग आई, मग रेग्युलेटर. प्रत्येक गोष्ट ओळीनं सुचत होती, आणि गाडी खाचरांपलीकडे तशीच लहान दिसत होती. कोणत्याही क्षणी तिथे उजेड होईल, या विचारानं मी डोळे मिटायची. मिटले की पाय घसरायचा.

गाडीपाशी पोचले. काच कडेनं वाफाळलेली होती. आत सासूबाई बाकावर मांडी न घालता, पाय सोडून बसल्या होत्या. पुढ्यात निरांजन, वात तेलात भिजवलेली. एका हातात काडेपेटी. त्यांनी काडी ओढली.

काही झालं नाही. त्यांनी काडीच्या टोकाकडे पाहिलं, ती मांडीवर ठेवली आणि दुसरी काढली. मांडीवर आधीच काड्यांचा ढीग होता.

"आई!" मी काचेवर तळहात आपटला. "आई, नको! काडी नको!"

त्यांनी वर पाहिलं. मी दिसले. पाचही बोटं उभी करून त्यांनी मला थांब अशी खूण केली. ओठ हलले ते मला स्पष्ट कळले. दिवा लावते, मग उघडते.

आणि त्यांनी ती काडीही ओढली.

मी दोन्ही हात हलवले, नाही नाही म्हटलं, गॅस म्हटलं. त्यांना ऐकू जात नव्हतं. गेलं असतं तरी दिवा सोडून त्या उठल्या नसत्या. त्यांनी नवी काडी काढली, पदराला पुसली. आता ही पेटणार. दिव्यापेक्षा मोठं त्यांच्या लेखी काय होतं? मी काचेला तोंड लावून जिवाच्या आकांतानं ओरडले, "मामा आलेत! आई, मामा!" आणि हातांनी डोक्यावर टोपी चढवल्याची खूण केली. त्यांचा भाऊ टोपीशिवाय घराबाहेर पडत नाही.

त्यांचा हात थांबला. त्यांनी काडी पेटीत ठेवली, पेटी निरांजनाशेजारी ठेवली, पदर सारखा केला आणि कुडाला धरावं तसं ओट्याला धरत दाराशी आल्या. कडी निघाली.

आतला वास तोंडावर आदळला. मी त्यांना कंबरेला धरून अक्षरशः उचललं. एवढं वजन मला उचलवतं हे मला माहीत नव्हतं.

"अगं, पाय टेकू दे की. कुठंय तो?"

"पुढे आहे. चला."

"कुठं पुढे? पावसात उभा केलास माझ्या भावाला?"

मागून दुधाची किटली आणि छत्री घेऊन ती घरवाली पळत आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे नाक केलं आणि तिला कळलं. "आजी, चला माझ्याकडं," ती म्हणाली. "तितं कोरडं हाय." सासूबाई तिच्या खांद्याला धरून बांधावरून गेल्या, दर चार पावलांनी मागे वळून रस्त्याकडे बघत.

मी लांब उभी राहिले. गाडीत परत जायचं धाडस होत नव्हतं. नवरा वळणावर दिसला, हातात मोबाईलचा टॉर्च. मी इतक्या जोरात ओरडले की त्यानं तो आधी बंद केला आणि मग का ते विचारलं. मग सगळी दारं, सगळ्या काचा उघडल्या आणि बऱ्याच वेळानं त्यानं कांदे काढले, तांदूळ ओढले, रेग्युलेटर फिरवला. पिशवीचा तळ भोकात चेपून बसला होता, बूच लावावं तसा. तिच्या दाबानं नळी वाकून रेग्युलेटरजवळ चिरली होती. नवरा चिखलातच खाली बसला.

"मी म्हणालो होतो ठेव म्हणून."

"ठेवली मी," मी म्हटलं.

रात्री त्या घरात झोपलो. सासूबाईंना काही सांगितलं नाही. माहेर डोंगरापलीकडे आलं असताना त्यांनी गाडीत बसायला नकार दिला असता तर? त्यांनी त्या घरच्या दिव्याला हात जोडले, पाणी प्यायल्या आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "कोथिंबीर आणि काडेपेटी एका घरात ठेवतं का कोणी? एक काडी पेटेना. सगळ्यांचा चिखल झालेला." पेटी त्यांनी येताना मुठीत आणली होती. घरवालीनं ती चुलीच्या कडेला ठेवली.

सकाळी मामा खरंच आले. काल वळणावर नवऱ्याला भेटलेल्या गावच्या कोणीतरी त्यांना निरोप दिला होता. टोपी, काठी, गुडघ्यापर्यंत चिखल.

"काल कुठं गेलतास रे?" सासूबाईंनी विचारलं.

"काल? मी काल कुटं आलतो?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा उचलल्या.

मग त्यांनी गाडीतून निरांजन मागवून घेतलं. भावाला समोर बसवलं; काल राहिलेला दिवा आज त्याच्यासमोर लावायचा होता. चुलीजवळची पेटी घेतली, त्यातली एक काडी काढली आणि ओढली.

पहिल्याच ओढीला भसकन पेटली.

"बघ," त्या ज्योत वातीला टेकवत म्हणाल्या. "चांगल्या होत्या की काड्या. काल जरा शेकवून ठेवल्या असत्यास तर?"